तापाच्या रकान्यातला वाघ

"तापानं मेलेल्या माणसाचा एकच पाय उरते का, साहेब? सांगा ना! ताप काय माणसाले मांडीपर्यंत खाते?"

मी एवढ्या जोरात ओरडलो की जात पडताळणी समितीच्या खोलीतले तिन्ही पंखे थांबले. वीज गेली होती, असं पुतणी नंतर म्हणाली. तिला बारीकसारीक गोष्टींत खोड काढायची सवय आहे. ती माझ्या बाजूलाच बसली होती, माझी बाही ओढत. "हळू, काका. सुनावणी माही हाय."

सुनावणी तिचीच होती. नर्सिंगला तिला जागा मिळाली होती, आणि आम्ही गोंड आहोत याचं वैधता प्रमाणपत्र शुक्रवारपर्यंत दाखवलं नाही तर ती जागा जाणार होती. त्याला पुरावा लागतो जुना, इंग्रजांच्या काळातला. तो आम्ही आणला होता. कोतवाल बुकाची नक्कल, त्यात माझ्या आज्याच्या मरणाची नोंद. नाव, बापाचं नाव, गाव, जात गोंड, सगळं चोख. मरणाचं कारण तेवढं लिहिलं होतं: ताप.

आणि मी समितीच्या माणसाला सांगून बसलो होतो की आज्याला वाघानं खाल्लं.

झालं असं, की तो माणूस घरी चौकशीला आला. चहा घेता घेता त्यानं एका ओळीत विचारलं, आजोबा कशानं वारले? मी त्याची तीन पानं भरवली. वाघ बैलबंडीएवढा होता. आजा मोहफुलं वेचायला गेला होता, तर दिवस उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत कुऱ्हाडीनं लढला. वाघ पुढे जन्मभर लंगडत होता आणि आमच्या गावचं नाव काढलं की रस्ता बदलायचा. आज्याचा उजवा पाय तेवढा सापडला. तोच पुरला. खड्डा पायापुरता, म्हणून वरचा दगडही अर्धाच. दाराआडून पुतणी डोळे मोठे करत होती. "इचारलं तेवढंच सांगा ना, काका!" पण वाघ एकदा सुटला की मला आवरत नाही. त्याच्या लांबीत मी हातभर इकडेतिकडे केलं असेल. पायात नाही. पाय खरा. दगड आजही शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आहे.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "तुमचे आजोबा वाघानं गेले. हे गृहस्थ तापानं गेले. एका नावाची दोन माणसं गावात असू शकतात. मग हे तुमचेच कशावरून?"

म्हणून मी ओरडलो.

त्या तापाची कुळकथा मला ठाऊक होती, आणि साहेबांना ठाऊक करून घ्यायची नव्हती. गोऱ्या साहेबाच्या आरोग्य खात्यानं कायदा केला होता: गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशानं मेलं, हे कोतवालानं दर आठवड्याला ठाण्यात जाऊन तिथल्या मुन्शीकडून लिहवून घ्यायचं. आमच्या कोतवालाला अक्षर येत नव्हतं. तो धोतराच्या सोग्यात मरणामागे एक खडा आणि जन्मामागे एक चिंचोका बांधून वीस कोस चालत जायचा. त्याचा नातू आज आमचा कोतवाल आहे, तोही म्हातारा झाला. तो सांगतो, "वाघ म्हटलं का मुन्शी म्हणे, मुडदा आणून दाखव. पटकी म्हटलं का साहेब येऊन औषधानं विहीर लाल करून टाके. ताप म्हटलं का मुन्शी म्हणे, जाय घरी. मंग माह्या आज्यानं सारं गावच तापानं मारलं, भाऊ."

साप चावला, ताप. मोहाच्या झाडावरून पडला, ताप. बाळंतपणात बाई गेली, तरी ताप. हे सगळे ताप नागपुरात जमले, तिथल्या साहेबानं कपाळाला हात लावला आणि आमच्या गावाला पाठवल्या हिवतापावरच्या कुनैनच्या पुड्या. गावानं मागितली होती बंदूक! त्या पुड्या वाघांनी खाल्ल्या असाव्यात, कारण तेव्हापासून आमच्याकडच्या एकाही वाघाला थंडीताप झालेला नाही.

पण सुईण आली नाही. ती कशाला येईल? कागदावर एकही बाळंतीण मेली नव्हती. पोरं मागं टाकून गेलेल्या बाया त्या पुस्तकात नुसत्या तापल्या होत्या. ज्यांनी कायदा केला ते गेले, मुन्शी गेला, आणि त्याचा आळस तेवढा अस्सल पुरावा होऊन, शिक्का मारून, आमच्या पोरीला आडवा आला. तीही अशी पोरगी, की जी उद्या लोकांचा खराखुरा ताप मोजणार!

नक्कल अख्ख्या पानाची होती. मी तिच्यावर वरून खाली बोट फिरवलं. "पाहा, साहेब. ताप, ताप, ताप. गाव होतं का भट्टी?"

"नोंद ती नोंद," साहेब म्हणाले.

तेव्हा पुतणी उठली. "साहेब, काकाच्या बोलण्यातलं अर्धं कापूनच धरा लागते. घरी आम्ही तसंच करतो."

खोलीतले सगळे हसले. मी नाही. ती हसवत होती खरी, पण तिच्या हातातली फाईल घामानं ओली झाली होती.

साहेब जरा सैल झाले. "बयान बदलून द्या. मग माझी हरकत नाही."

म्हणजे खरं सांगितलं तर आजा परका, आणि खोटं लिहून दिलं तर सख्खा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं पेन माझ्यापुढे सरकवलं.

"तो माहाही पणजा हाय, काका. लिवा."

मी लिहिलं. माझे आजोबा तापाने वारले. चार शब्द. जन्मात एवढी छोटी गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.

साहेबांनी कागद जुळवला, सही केली. "गुरुवारी प्रमाणपत्र घेऊन जा." पुतणीनं फाईल काखेत मारली. मीही उठलो, दारापर्यंत गेलोही. पण जीभ काही त्या सुनावणीतून उठेना.

"साहेब, मंग आमच्या धुऱ्यावर पुरला हाय तो पाय कोणाचा?"

त्यांनी पुढची फाईल उघडली.

"त्याला रकाना नाही."