धोंडूची तर आणि रविवारची मॅच

२९ मार्च १९३१, रविवार. एकादशी. फार उकडते. राजापूरची फुटबॉल टीम सकाळी मोटारीने आली. सर्वांचा फराळ आपल्याकडे. चार वाजता मॅच.

एवढं रोजनिशीत लिहून मी दुपारी तीन वाजता धक्क्यावर गेले.

भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळूचा लांब दांडा उघडा पडे. बाकी सगळा कातळ, म्हणून आमचा क्लब १९२६ पासून तिथेच खेळे. खेळाडू म्हणजे कचेरीतले कारकून आणि शाळेतले मास्तर. कप्तान माझे यजमान, राजाभाऊ. पण क्लब चालवला तो धोंडूने. पन्नाशीचा धोंडू खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवी. चेंडूला त्याने कधी पाय लावला नाही. गोलाचे बांबू तो रोवी, माणसं नेई-आणी, आणि मॅचची वेळही तोच सांगे. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, वैनी." पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा भरती सव्वाअकराला, मग संध्याकाळी दांडा कोरडा.

मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून क्लबाची पत्रं माझ्याकडे. ही मॅच हनुमान जयंतीला, गुरुवारी ठरली होती. राजापूरकरांचा त्या दिवशी गावात उत्सव निघाला. मी तारीख बदलून रविवार केला आणि वेळ तीच ठेवली. धोंडूला विचारलं नाही. एकादशीची वरी निवडत होते तेव्हा तिथी मला ठाऊक होती. टेबलाशी बसले की मी तारखेने चाले.

धक्क्यावर धोंडूने बोटं मोजली. "आज एकादस. सव्वाआठची भरती. पाणी दोनालाच फिरलं, वैनी."

म्हणजे खेळ चालू असतानाच दांडा बुडणार. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "वीस कोसांवरून पाहुणे आलेत, त्यांना परत पाठवू?"

"एक गोल होईपर्यंत पाणी धरून ठेव रे धोंडूनाना!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

धोंडू हसला नाही. मला हळूच म्हणाला, "माझी तर थयंच दांड्याक नांगरून ठेवतंय."

हाफटाइमला दांडा निम्मा उरला. धोंडू हात हलवून बोलावत होता, खेळ थांबेना. मग पाणी पाठीमागून आलं. तरीत बाराच माणसं मावत. हे पाहुण्यांना आधी चढवू लागले. तर निघाली तेव्हा आमचे अकराजण गोलाचे बांबू धरून उभे होते, पाणी कमरेशी. ह्यांना पोहता येत नव्हतं. ते फक्त मला आणि धोंडूला माहीत होतं.

मी धक्क्यावरून डोकी मोजत राहिले. अकरा. दहा. पुन्हा अकरा. धोंडूने पाहुण्यांना काठाजवळ गुडघाभर पाण्यातच उतरवलं आणि तर वळवली. पाणी आता छातीशी होतं. तो पोचता पोचता एक बांबू उपटला. दहा. मी पुन्हा मोजलं, दहाच. धोंडू तरीवरून ओणवा झाला, पाण्यात हात घातला आणि ह्यांना मानगुटीला धरून वर ओढलं.

धक्क्यावर मी म्हणाले, "धोंडू, चूक माझी."

तो मुंडासं पिळत होता. "पाणी तारीख वाचत नाय, वैनी. फुडल्या पत्राआधी माका हाक मारा."

१९३८ साली तो वारला. तोवर प्रत्येक पत्राआधी तो ओटीवर येऊन तिथी सांगे, तरी मॅचच्या दिवशी ह्यांचं पाऊल दारात वाजेपर्यंत मी ओटीवरून आत जात नसे. त्याच्यामागे दांड्यावर कोणी खेळलं नाही.

त्या मॅचच्या संध्याकाळी चुकीबद्दल लिहायला माझा हात धजला नाही. दुपारच्या ओळींखाली एवढंच लिहिलं: वरी तिप्पट लागली. मीठ संपले. ह्यांचा सदरा कॉलरपाशी फाटला आहे, उद्या शिवणे.