उताऱ्यांचं पारायण

आमच्या घरात वाचायचं म्हणजे मोठ्याने वाचायचं. तोंड मिटून पुस्तकात बघत बसलेल्या माणसाला आमच्याकडे विचारायचे, काय रे, बरं नाही का? श्रावण लागला की माझे सासरे पाटावर बसून पोथी लावत, आणि समोर बसलेल्या बायांना पुढची ओवी त्यांच्याआधी येत असे. ते अडखळले तर मागून कोणीतरी म्हणायचं, "आबा, पान चिकटलं वाटतं." पुढे काय झालं ते कळावं म्हणून पोथी कोणी वाचत नाही. पुढचं ठाऊक असतं, म्हणून तर ती गोड लागते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ह्याच सवयीतून झालं.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही धुळ्याकडून सिल्वासाला आलो होतो. हे जवळच्या सायली गावात दोऱ्याच्या कारखान्यात मशीनवर होते. राहायला टोकरखाड्यात एक खोली, पुढे ओटा, मागे न्हाणी. गावाला दहावीच्या पुढे शाळा नव्हती म्हणून यांची सगळ्यात धाकटी बहीण आमच्याकडे शिकायला आली. तिची आई लवकर गेलेली. मला वहिनी म्हणायची, पण वेणी माझ्याच हातची लागायची तिला. बारावी चांगली पास झाली, मराठी शाळेतून.

शाळेतल्या एक बाई आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायच्या. कोकणातल्या, बोलायला फटकळ, मनाने फार चांगल्या. त्यांनीच सांगितलं की अमक्या शहरात मोठं विद्यापीठ आहे, प्रवेशपरीक्षा पास झाली तर मुलीला वसतिगृह मिळेल आणि शिक्षणाचा बोजा घरावर पडणार नाही. त्या परीक्षेत इंग्रजीचे उतारे येतात. उतारा वाचायचा, खाली प्रश्न असतात, प्रत्येकाला चार उत्तरं दिलेली, त्यातलं बरोबर ते निवडायचं. बाईंनी आपल्या भाचीचं जुनं पुस्तक दिलं आणि शाळेला सुट्टी लागली तशा त्या गावी निघून गेल्या.

यांचं म्हणणं सरळ होतं. हे दिवसभर मशीनच्या आवाजात असायचे, त्यामुळे घरीही ओरडूनच बोलायचे. "एकदा बस परीक्षेला. झालं तर जा, मी नाही म्हणणार नाही. नाही झालं तर पॅकिंगला लाग. ठेकेदाराने जागा धरून ठेवली आहे. माझा शब्द गेलाय त्याच्याकडे."

"आणि दुसऱ्यांदा बसायचं म्हटलं तर?" तिने विचारलं.

"दुसऱ्यांदा काय वं? कारखाना थांबतो का दुसऱ्यांदासाठी?"

हे वाईट नव्हते हो. पण आमच्या गल्लीतल्या मुली पॅकिंगला लागल्या की पुढे पॅकिंगलाच राहायच्या, हे तिला दिसत होतं आणि मलाही.

मी स्वतः सातवी शिकलेली. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांवर वाचून वाचून शिकले. इंग्रजीची फक्त अक्षरं यायची. पण तेवढ्याने काम भागत होतं. पुस्तकाच्या मागे उत्तरं होती, ए, बी, सी, डी. ती उत्तर सांगायची, मी मागे बघून हो नाही म्हणायची. दिवाबत्ती झाली की ती हातपाय धुऊन पाटावर बसायची, पुस्तक चौरंगावर, आणि पहिल्या उताऱ्यापासून मोठ्याने सुरू. मधमाश्यांचा उतारा, दीपगृहाच्या राखणदाराचा, बटाटा कुठून कुठे गेला त्याचा. रोज सगळे. शेवटचा झाला की उदबत्ती तेवढी लावायची बाकी असायची. मीच तिला म्हणायची, "चला, आजचं पारायण झालं."

आणि उत्तरं? पहिल्या आठवड्यात चुकायची. मग कमी चुकू लागली. मग एकही नाही. शेजारची गुजराती बेन ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "अरे वा, आ तो फडाफड बोलते!" हे कारखान्यात सांगत सुटले, आमची बहीण इंग्रजी पाण्यासारखं वाचते. मला मात्र आत कुठेतरी खुटखुट लागली होती. ती उत्तर फार लवकर द्यायची. मी प्रश्नाचा आकडा म्हणायचा अवकाश, तिचं "सी" तयार.

एका संध्याकाळी ती दीपगृहाचा उतारा वाचत होती आणि लाइट गेली. आमच्याकडे लाइट जाणं नवीन नव्हतं. मी उठले, फळीवर काड्यापेटी चाचपू लागले. हे ओट्यावरून म्हणाले, "काय करू राहिल्या गं दोघी अंधारात?" मी म्हटलं, कंदील शोधते. कंदील मिळाला, काच पुसली, वात वर केली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खोलीतला आवाज थांबलेलाच नाही. ती वाचत होती. शब्दाला शब्द, त्याच चालीत, थांबायच्या जागी थांबून.

हे हसले. "बघा! अंधारात पण वाचते! हिला तर पुस्तकाचीही गरज नाही."

मी काडी ओढली. उजेडात तिचं तोंड दिसलं. तिलाही त्याच क्षणी कळलं होतं. ओठ उघडे तसेच राहिले आणि पुढचा शब्द आला नाही. तिने पुस्तक मिटलं. "वहिनी," हळूच म्हणाली, "मला हे वाचता येतंय की नाही गं?"

त्या रात्री ती जेवली नाही.

बाई गावाहून परत आल्या त्या दिवशी मी तिला घेऊन गेले. बाईंनी चहा टाकला, ऐकून घेतलं आणि उठून एक इंग्रजी मासिक आणलं. कुठलंसं पान उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं. "वाच. आणि मला सांग काय आहे त्यात."

ती वाचायला लागली. मोठ्याने, सवयीप्रमाणे. दोन ओळी गेल्या आणि एक शब्द आला तिथे थबकली. तो म्हणून बघितला, परत म्हणून बघितला. मग पहिल्यापासून सुरू केलं, जणू पळत येऊन उडी मारायची आहे. परत त्याच शब्दाशी. मानेवर लाल चट्टे उठले तिच्या. चहावर साय धरली.

"अगो बाय," बाई म्हणाल्या, "ही काय आरती आहे? एक कडवं चुकलं तर देव कोपेल? अडलेला शब्द ओलांडून जा. नदीत एक दगड डुगडुगता निघाला तर तू घरी परत जातेस का? पुढच्यावर पाय टाक. आधी प्रश्न बघ, मग उताऱ्यात शोध. आणि तोंड बंद ठेवून वाच. परीक्षेत ओरडलीस तर बाहेर काढतील."

"बाई, परीक्षेत हेच उतारे नाही का येणार?" तिने विचारलं.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हालाही तसंच वाटत होतं?"

मला तसंच वाटत होतं. आमच्याकडे परीक्षा म्हणजे पाठ केलेलं विचारतात, ह्याच्यापलीकडे काही असेल हे कोणाच्या डोक्यात आलं असतं? कधी न बघितलेला कागद समोर टाकायचा आणि सांग म्हणायचं, हे आम्हाला परीक्षेपेक्षा फसवणुकीसारखं वाटलं.

परीक्षेला महिनाही उरला नव्हता. आता नवा इंग्रजी कागद पाहिजे, आणि तो रोज नवा पाहिजे. बाईंनी होती तेवढी मासिकं दिली, ती किती पुरणार? मग मी मागत सुटले. बेनने औषधाच्या डब्यातले घड्या घातलेले पातळ कागद दिले. किराणावाल्याने रद्दीतला इंग्रजी पेपर बाजूला ठेवायला सुरुवात केली. हे कारखान्यातून तेलाच्या पिंपाबरोबर येणारी माहितीपत्रकं आणू लागले, मशीनच्या सुट्या भागांच्या खोक्यातले कागद आणू लागले. एकाला तर हिरवट तेलाचा वास यायचा, तो हातात धरून ती वाचायची.

आणि नियम केला की एक कागद दोनदा वाचायचा नाही. पण ती वाचायची. मी पाठ वळवली की जुना कागद परत काढायची, आणि तो ओळखीचा झाला की तोंडावर जरा तजेला यायचा. शेवटी मी म्हटलं, वाचून झाला की बंबात घालायचा.

"लिहिलेलं जाळायचं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कागदाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आम्ही. मलाही ते बरं वाटलं नव्हतं. पण रोज सकाळी पाणी तापवताना ती आदल्या दिवसाचा कागद कपाळाला लावायची आणि बंबात टाकायची. मी दुसरीकडे बघायची.

उत्तरं तपासायला आता मागचं पान नव्हतं. मला इंग्रजी येत नव्हतं. मग मी तिला एवढंच विचारायची, काय लिहिलंय ते मराठीत सांग, आणि सांगशील त्या ओळीवर बोट ठेव. बोट ठेवता आलं नाही तर ते तुझ्या मनचं. एकदा तेलाच्या कागदावरून ती म्हणाली, "लिहिलंय की हाताला लागलं तर रॉकेलने पुसून मग साबण लावायचा."

"बोट ठेव."

बोट फिरलं, फिरलं, कुठेच बसेना. हे जेवत होते. म्हणाले, "बरोबर तर सांगते आहे. आम्ही तसंच करतो."

"भाऊ, पण कागदात नाही ते."

"कागदात नसलं म्हणून काय झालं? कागद लिहिणाऱ्याने कधी हात घातलाय तेलात?"

"परीक्षेत कागदातलंच उत्तर द्यायचं असतं!" ती एकदम रडायलाच लागली. "तू सांगतोस ते खरं असलं तरी चुकीचं!"

ह्यांचा घास हातातच राहिला. खरं असून चुकीचं कसं, हे त्यांना काही केल्या पटेना. हात धुताना म्हणाले, "ठेकेदार विचारत होता." एवढंच. ती उठून न्हाणीत गेली आणि नळ सोडून बसली.

दिवस जवळ येत गेले तशी ती बारीक झाली. नवा कागद हातात दिला की आधी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, घट्ट, बोट पांढरं पडेपर्यंत. चुका होतच होत्या. कधी सगळं बरोबर सांगायची, कधी एका शब्दाशी अडकून सगळा उतारा सोडायची. बाईंना मी विचारलं, होईल का हो? त्या म्हणाल्या, "मी खोटं नाही सांगणार. मला माहीत नाही."

परीक्षेला हे तिला घेऊन गेले. परत आले तेव्हा दोघांचे चेहरे प्रवासाने काळवंडलेले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "उतारे कसले होते?"

ती आठवू लागली. "एक कुठल्यातरी पुलाचा होता. दुसरा... नाही आठवत, वहिनी."

"काहीच नाही?"

"नाही. वाचले, उत्तरं दिली, पुढे गेले."

जिला बटाट्याचा उतारा झोपेतही यायचा, तिला कालचा आठवेना. हे चांगलं की वाईट, मला कळेना. हे म्हणाले, "म्हणजे गेलं." पुढच्या सोमवारी ती डबा घेऊन ह्यांच्याबरोबर सायलीला गेली, पॅकिंगला. निकाल लागेपर्यंत, असं मी म्हणत होते. ती तसंही म्हणत नव्हती. संध्याकाळी यायची ती खोक्यांच्या पट्टीने बोटं चिरलेली. कागद आणायचं मी थांबवलं नव्हतं. ती मात्र हात लावत नव्हती.

निकाल बाईंच्या त्या शहरातल्या नातेवाइकाने फळ्यावर बघितला आणि शाळेत फोन केला. बाई भर दुपारी छत्री घेऊन आल्या. "अगो, नंबर आहे तिचा! खालून आहे, पण आहे!" मी कुलूप लावलं आणि मिळेल त्या रिक्षात बसून सायलीला गेले. गेटवरचा वॉचमन सोडेना. "शिफ्ट छूटेगी तब आना, भाभी." मी गेटसमोर बोरीखाली बसून राहिले.

सुटी झाली. बायकांच्या घोळक्यात ती दिसली, डोक्यावर कापसासारखा दोऱ्याचा भुसा. मला बघून घाबरली, घरी काही झालं वाटलं तिला. मी सांगितलं. वाटलं होतं गळ्यात पडेल. ती तिथेच उभी राहिली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"वहिनी, तिथे रोज नवीन वाचायला लागेल ना? रोजच?"

"हो."

"परत बघायलाही वेळ मिळणार नाही."

"नसेल मिळत."

मागून हे आले, बातमी ऐकली, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "ठेकेदाराला मी सांगतो." रिक्षाची वाट न बघता आम्ही चालू लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कारखान्यांच्या इंग्रजी पाट्या. ती एकेक वाचत होती, तोंड बंद ठेवून. मला कळत होतं, कारण पाटीगणिक तिची चाल मंद व्हायची. एका लांबलचक पाटीशी ती थांबलीच. हे पुढे निघून गेले. मी तिच्या कोपराला हात लावला आणि म्हटलं, "ओलांड, माय. पुढची बघ."