चादरीचे कोपरे

माझी बायको इथे आखातात, अझैबा भागात एका ऑस्ट्रेलियन म्हातारीकडे कामाला होती. ही मॅडम तरुणपणी त्यांच्या लष्करात नर्स होती, व्हिएतनामच्या लढाईत जखमी पोरं सांभाळलेली. बायको दार्सैतला आमच्या घरी आली की तिचंच पुराण चालू. मॅडमने तंबूत काय केलं, मॅडम कशी घाबरली नाही. मी म्हणायचो, "मी जन्मभर सुतारकाम केलं, ते कधी कुणाला सांगितलंस?"

"अहो, तुम्ही काय लढाईवर होता?" असं म्हणून हसायची.

मग बायकोच अंथरुणाला खिळली आणि मॅडम रोज आमच्याकडे यायला लागली. चादरीचे कोपरे ती लष्करातल्यासारखे मोडायची, पाकिटासारखी घडी करून गादीखाली घट्ट. पलंग मी माझ्या हाताने केलेला, पण मी घातलेली चादर बायकोला टोचायची. "राहू द्या तुम्ही, मॅडम येतील," म्हणायची. मग मी जिन्यात जाऊन बसायचो. जळायचो, खोटं कशाला बोलू.

बायको गेली त्या सकाळी मॅडम शेवटची चादर घालायला वाकली. मी तिच्या हातातून ती ओढून घेतली. म्हटलं, "खलास, मॅडम, बास आता. हे माझं काम."

घडी मी कितीदा बघितली होती, तरी जमली नाही. एक कोपरा लोंबतच राहिला. मॅडमने तो बघितला, हात पुढे केला आणि परत मागे घेतला. कोपरा तसाच राहू दिला.

तेवढ्याने माझा राग गेला नाही. पण नंतर चहा टाकला तेव्हा तिच्यासाठीही टाकला.