कानशिलावर चोळलेली दारू

माझा थोरला भाऊ मारुती दारू पिऊन मेला नाही.

हे वाक्य लिहिण्यास मला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. आज त्याचा स्मृतिदिन आहे.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. दादा येथे सोलापुरात गिरणीत विणकर होता. मागावरून उडालेला धोटा, आडवा धागा नेणारा तो जड लाकडी ठोकळा, त्याच्या कानशिलावर बसला. तो कोसळला, क्षणात उठला आणि स्वतःच्या पायांनी घरी आला.

"रगत न्हाय, काय न्हाय. धोट्यानं मुका घेतला म्हन की, आये!"

आम्ही सारे हसलो.

मुक्या माराला दारू चोळण्याची आमच्या चाळीत रीत होती. आईने शेजारून वाटीभर मागून आणली व त्याच्या कानशिलास चोळली.

दोन तासांनी त्यास उलटी झाली. जीभ जड झाली. एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली.

गिरणीचे डॉक्टर आले. दारातच त्यांनी नाकास रुमाल लावला.

"प्यायला आहे. झोपू द्या, सकाळी उतरेल."

"सायेब, मी चोळलीया ती. पोरगं थेंबाला शिवत न्हाय. धोटा लागलाय त्येला."

"मग रक्त कुठे आहे, बाई?"

दिवेलागणीस दादा गेला.

कागदावर 'अतिमद्यप्राशन' लिहिले गेले. धोट्याचा उल्लेखही नाही.

आई पुढे तीस वर्षे जगली. "म्याच वास लावला त्येला," एवढेच म्हणे.

गेल्या वर्षी मी जुळे सोलापूरच्या घरी न्हाणीत पडलो. तीन आठवड्यांनी माझे बोलणे अडखळू लागले. तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रथम सीटी स्कॅन काढला. माझ्या तोंडाचा वास घेतला नाही.

माझे रक्त मेंदूच्या आवरणाखाली, शिरेतून थेंबथेंब साचले होते. म्हणून आठवडे गेले. दादाची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "त्यांचे बहुधा आवरणाच्या वर, कवटीलगत, धमनीतून. त्याला तासच लागतात. मधल्या वेळात माणूस चांगला बोलतो, हसतो."

"त्या काळी हे ठाऊक होते?"

"होते, आजोबा. पुस्तकांत होते."

मी चौथी शिकलेला माणूस. मला हे एका बैठकीत समजले. त्या पदवीधरास एका अडाणी बाईचे एक वाक्य ऐकून घेता आले नाही. मी त्यास क्षमा केलेली नाही. करणारही नाही.

ज्यांनी आमच्या घरास 'दारुड्याचे घर' म्हटले, त्यांच्या नातवंडांनी हे अवश्य वाचावे.

आई, तुझ्या हातून काही वाईट घडले नाही.

दादा, वास तुझ्या कानशिलाचा होता. तोंडाचा नव्हता.

धाकट्याचा नमस्कार.