मागचा डावा स्पीकर

आबांचे कान शाबूत आहेत हे आईला दाखवून द्यायचं, म्हणून खरं तर मी होम थिएटर आणलं.

आईनं महिनाभर डोकं खाल्लं होतं. "तुझ्या बापाला ऐकू येत न्हाई गं. मागनं ट्रक बोंबलतोय अन् ह्यांची गाडी रस्त्याच्या मधनं!" आमचं रान मिरजगावच्या हायवेपलीकडं, अन् आबा रोज मोटरसायकलवर जाणार. ते म्हणायचे, ट्रकवाल्यानं हॉर्नच दिला न्हाई. मी आबांच्या बाजूची. आपल्या टीव्हीचाच आवाज फाटका आहे, म्हणून ते मोठ्यानं लावतात, असं मी आईला ठणकावलं. जरा जास्तच ठणकावलं.

नगरच्या दुकानदारानं सांगितलं होतं, तीन स्पीकर टीव्हीपाशी, दोन बसणाऱ्याच्या मागं, कानापेक्षा थोडे वर. आबांची खुर्ची मधोमध ठेवली. मागच्या डाव्या कोपऱ्यात नेमकं आईचं ज्वारीचं पिंप. ते हलवायचं न्हाई म्हणजे न्हाई! सकाळभर आमची जुंपली. शेवटी पिंपाच्या वरच खिळा ठोकला.

एकेका स्पीकरमधून नुसती खरखर सोडून तपासायची सोय होती. मी खुर्चीमागं उभी राहून रिमोट दाबत होते अन् दर वेळी आबांच्या तोंडासमोर वाकून विचारत होते.

"आला का आवाज?"

"आला."

लहानपणी मी विहिरीवर मोटर चालू करायचे अन् आबा शेवटच्या वाफ्यावर असायचे. "आलं का?" असं मी ओरडले की पाणी पोचायच्या आधीच ते "आलं!" म्हणायचे. पाइपातली हवा बोलायला लागली की त्यांना कळायचं.

मागच्या डाव्यालाही ते "आला" म्हणाले. मी वर बघितलं. त्याची वायर अजून माझ्याच हातात होती.

सवयीनं म्हणाले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. वायर नीट जोडली. मग मी पुढं येऊन म्हणाले, "आबा, आता डोळे मिटा. आवाज आला की बोट वर करा."

खरखर सुरू झाली. बोट गुडघ्यावरच. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. उचल ना बोट, उचल, असं मी मनात ओरडत होते.

"बंद कर की गं ती कटकट!" आई स्वयंपाकघरातून तणतणत आली, अन् आबांकडं बघून दारातच थांबली. आबा डोळे मिटून, मान ताठ करून, शहाण्या पोरासारखे वाट बघत बसले होते.

मी म्हणत नव्हते का, असं आई म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला माझीच चीड आली होती.

मी बंद करून त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, आधी माझं तोंड बघितलं, मग आईचं.

"आला की," ते म्हणाले. "मघाच आला."

मग त्यांनी उठून खिशातून गाडीची चावी काढून पिंपावर ठेवली.

"मग रानात कसं जायाचं मी?"

"मी सोडीन."

"रोज?"

माझी कामावर जायची नगरची एसटी सकाळी सातची. आबा माझ्या ओठांकडं टक लावून बघत होते.

"रोज," मी म्हणाले, अगदी सावकाश.