वायरीचं दुसरं टोक

मी फौजेत सिग्नलला होतो. हे वाक्य मी आमच्या गावात इतक्या वेळा बोललोय की बायको ते माझ्याआधी पुरं करते. डोंगरात, बर्फात लाईन टाकायची, तुटली की शोधायची, शोधली की जोडायची, हेच काम. त्यामुळं पेन्शनीत आल्यावर गावात कुणाच्या टीव्हीची वायर सैल झाली तरी मी न बोलावता जायचो आणि चिमूटभर कामाला अर्धा तास फौजेच्या गोष्टी सांगून यायचो.

म्हणून लेकीनं सांगलीहून आल्या आल्या कंप्यूटर लावला आणि "पप्पा, नेट नाही," म्हणाली, तेव्हा खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं. घरातच काम निघालं.

लेक सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजातून इंजिनियर होऊन, खोली रिकामी करून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिची मुलाखत होती. पुण्याची कंपनी, शेवटची फेरी. आधी दोन कंपन्यांनी शेवटच्या फेरीतूनच माघारी लावलेलं, त्यामुळं पोरगी तोंडानं काही बोलत नव्हती, पण ताटातली भाकरी तशीच राहत होती. कॅमेऱ्यात बघून बोलायचं आणि बोलता बोलता प्रोग्राम लिहून दाखवायचा. तिचा लॅपटॉप दुरुस्तीला पडलेला. मोबाईलची रेंज आमच्याकडं गच्चीच्या एका कोपऱ्यात येते, आणि व्हिडिओ म्हटलं की माणूस तोंड उघडं टाकून थिजतो. म्हणजे सगळी भिस्त घरातल्या जुन्या कंप्यूटरवर आणि त्याच्या मागच्या निळ्या वायरीवर.

"मी परत सांगलीला जाते, मैत्रिणीच्या खोलीवर बसून देते," ती म्हणाली.

"घरात सिग्नलचा माणूस असताना? तू अभ्यास कर. लाईन माझ्याकडं."

बायको भाकरी थापत होती. तिनं पुढची भाकरी जरा जोरातच थापली.

आता ही वायर कशी होती ते सांगतो. नेटचं कनेक्शन दोन घरांत मिळून एकच, आणि ते माझ्या थोरल्या भावाच्या घरात. आमची घरं समोरासमोर, मधे गल्ली. दादाच्या माडीच्या खिडकीत राऊटर, तिथून वायर गल्लीवरून आमच्या गच्चीवर, आणि तिथून खाली कंप्यूटरला. मीच टाकलेली, दादानं शिडी धरलेली. आणि सध्या दादाचं नि माझं बोलणं बंद होतं.

कारण सांगायला लाज वाटते. कारखान्याची ऊसतोडीची टोळी आधी कुणाच्या फडात शिरायची, यावरून. उसाची लागण माझी आधीची, पण टोळी उतरली दादाच्या उसात. दादा म्हणाला, "टोळीनं ठरीवलं, मी न्हवं." मी म्हणालो, "मग टोळीला च्या कुणी पाजला?" एवढ्यावरून पन्नाशी ओलांडलेले दोन भाऊ आपापल्या दारात, एकमेकांकडं पाठ करून चहा प्यायला लागले. अबोला आमच्या दोघांचा, बायकांचा नव्हता. कालवणाच्या वाट्या गल्लीतून पहिल्यासारख्याच ये-जा करत होत्या, आणि वहिनीच्या हातचं वांगं मी आमच्याच घरचं समजून खात होतो.

फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात, लाईन मुकी झाली की आधी दोन्ही टोकं बघायची. मी एक टोक बघितलं. तेच बघितलं, पुन्हा पुन्हा. प्लग काढला, फुंकला, बसवला. कंप्यूटरच्या मागं वायर घुसते तिथला बारका दिवा काही लागेना. कंप्यूटर बंद करून चालू केला. दिवा लागेना. मग म्हटलं, प्लगच गेला असणार. प्लग बसवायची पक्कड मी कराडहून हौसेनं आणलेली, तिला कधी काम मिळत नव्हतं. वायरीचं टोक कापलं, आतल्या आठ रंगीत तारा ओळीनं लावल्या आणि दाबल्या. चष्मा लावून बघतो तर हिरवी नि नारंगी उलटी. परत कापलं. दुसरा प्लग चांगला बसला, पण दिवा लागेना म्हणून त्याच्यावरही माझा विश्वास बसेना, तोही कापला. असं करता करता डबीतले प्लग संपले, शेवटचा तेवढा वायरीला राहिला.

मग कंप्यूटर आडवा पाडून उघडला आणि सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवली. ती सगळी बायकोनं निवडलेल्या मेथीवर जाऊन बसली. परत बंद करताना एक स्क्रू जास्त आला आणि झाकण बसेना. ते तसंच उघडं ठेवलं.

"थोरल्या भावजींकडचं टोक बघितलंसा का?" बायकोनं मेथी धुता धुता विचारलं.

"तिकडं काय झालंय? बिघाड हिकडं हाय."

"मी जाऊन बघू?"

"काय नको," मी खेकसलो.

गच्चीवर जाऊन कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, वायर दोन्ही बाजूंनी नीट बसली आहे का?"

"बसलीया," मी म्हणालो.

"राऊटरवरचा दिवा लागलाय का?"

समोर दादाची खिडकी दिसत होती. "लागलाय," मी म्हणालो.

"मग सर, तुमचा कंप्यूटरच खराब असेल."

एवढं निर्लज्ज खोटं मी फौजेत वरच्या साहेबाला कधी बोललो नव्हतो, आणि इथं एका अनोळखी बाईला बोललो, ते भावाच्या दारात जायला लागू नये म्हणून. फोन ठेवताना गल्लीवरची वायर दिसली. नेहमीपेक्षा जास्त झोल पडलेला, आणि मधे उसाचं पाचट लटकत होतं. म्हटलं, पाचट वाऱ्यानं आलं असेल. झोल मात्र दादानं मुद्दाम दिला असणार.

सकाळी नेट नव्हतंच. सांगलीला जायची वेळ गेलेली, आणि कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागल्यावर कराडसुद्धा वेळेत गाठता येत नाही. कंप्यूटर उचलून कुठं न्यावा, तर तो मी असा उघडा करून ठेवलेला की हलवायची माझीच छाती होईना. लेक इस्त्रीचा ड्रेस घालून, केस बांधून कंप्यूटरसमोर बसली होती. पडद्यावर लाल फुली. ती रडली असती तर मी तिच्यावर ओरडलो असतो. ती म्हणाली, "राहू दे पप्पा. अजून येतील मुलाखती."

पोरीची नोकरी मी माझ्या नाकापायी घालवत होतो, आणि वर तीच माझी समजूत काढत होती. चपला घातल्या आणि गल्ली ओलांडली. गल्ली रुंद किती, तर दादा शिंकला की आमच्या घरात मांजर दचकतं. तरी मधे थांबून मी उगाच एकदा चप्पल नीट केली.

दादा पुढच्या सोप्यात बसला होता. मला बघून उठला नाही.

"वायर वढून काढलीस ती काढलीस," तो म्हणाला. "आता काय ऱ्हायलंय माझ्याकडं?"

"मी? मी कवा वढली?"

"कनेक्शन नको तर नको म्हणायचं हुतं. आसं हिसका मारून तोडत्यात व्हय रं? राऊटर पडता पडता धरला मी."

त्यानं मला माडीवर खिडकीपाशी नेलं. वायरीचं टोक गजाला गुंडाळून नीट टांगून ठेवलं होतं. प्लगची बारकी खुट्टी तुटलेली. खिडकीच्या लाकडावर ओरखडा.

आतनं वहिनी म्हणाली, "तवापास्नं धड जेवल्यालं न्हाईत."

"कवा झालं हे?" मी विचारलं.

"तुझा ऊस तुटायला लागला त्या दुपारी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं असंही वाटलं. त्या दिवशी टोळी एकदाची माझ्या फडात आली होती. दादापेक्षा एका खेपेत जास्त ऊस गेला पाहिजे म्हणून मी टोळीच्या मागं उभा राहून, "टाक अजून, टाक," करत ट्रॉली रचून घेतली. ती आमच्याच गल्लीतून गेली. जाताना वर काहीतरी अडकलं, थोडे ऊस खाली पडले, आणि मी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. वर बघितलंच नाही, कारण वर दादाची खिडकी होती.

"दादा, माझ्याच ट्रॉलीनं वढलीया," मी म्हणालो. "पाचट बघ अजून लटकतंय."

दादानं खिडकीतून बाहेर बघितलं.

"एवढी रचलीस? कशाला?"

"तुझ्यापेक्षा जास्त जावी म्हणून."

"लय येडा हायस गड्या," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी राऊटरकडं बघत पोरीच्या मुलाखतीचं सांगितलं.

त्यानं प्लग राऊटरमधे घातला. दिवा लागला. हात सोडला तर प्लग घसरून बाहेर. खुट्टीच नाही तर धरणार कशानं?

"तुझ्याकडं नवं प्लग असत्यात की."

"काल सगळे कापून टाकले," मी म्हणालो.

दादानं स्टूल ओढलं, राऊटरपाशी बसला आणि प्लग अंगठ्यानं दाबून धरला. "जा," म्हणाला, "पोरीला बसीव."

घरातनं लेक ओरडली, "पप्पा, आलं!" मी गल्लीतच होतो, आणि तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. माझ्याच फडातली शेवटची ट्रॉली. तीही माझ्याच सांगण्यावरून रचलेली, वायरीपेक्षा उंच. मी दोन्ही हात पसरून गल्लीच्या तोंडाला उभा राहिलो.

"आवं सरका की," ड्रायव्हर म्हणाला. "ऊस तुमचाच हाय, वाळतोय."

"वाळू दे."

ज्या उसासाठी मी भावाशी बोलणं टाकलं, तो उन्हात वाळत उभा होता आणि मी त्याची वाट अडवून. घरातून लेकीचं इंग्रजी ऐकू येत होतं, आधी अडखळत, मग सरळ. खिडकीत दादा. वहिनी त्याला उठवायला आली, तो उठला नाही.

"काय इचारत्यात रं?" त्यानं हळूच विचारलं.

"मला काय कळतंय, इंग्रजीत हाय," मी म्हणालो.

"घाबरलीया का ती?"

"न्हाई. चांगली बोलतीया."

मुलाखत संपेपर्यंत त्याचा अंगठा पांढरा पडला होता.

नोकरी लागली. लेक पुण्याला गेली. मी कराडहून प्लग आणला, दादाच्या टोकाला बसवला, त्यानं शिडी धरली आणि वायर बांबू लावून उंच घेतली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी लाईन तपासायला दादाकडं जातो. प्लग बघतो, दिवा बघतो, चहा घेतो, टोळीला शिव्या घालतो आणि येतो.

परवा दादानं बशीत चहा ओतता ओतता विचारलं, "तुझा कंप्यूटर चालू असतो का रं?"

"न्हाई. पोरगी गेल्यापास्नं झाकूनच ठिवलाय."

"मग रोज येऊन तपासतोस काय?"

"प्लग," मी म्हणालो.

त्यानं बशी माझ्याकडं सरकवली. "उद्याबी बघून जा," म्हणाला. "मला ढिला वाटतोय."