पॉवर हाऊसचे चार हुकूम

रिटायर होताना मला ऑफिसनं घड्याळ दिलं. ते कधीच बंद पडलं, किस्से मात्र अजून चालू आहेत! मी सांगायला बसलो की आमच्या सौभाग्यवती चहाचं निमित्त काढून आत जातात. त्यांचे सगळे ऐकून झालेत. तुम्ही नवे आहात, बसा.

साठ सालच्या आसपास मी अमरावतीच्या पॉवर हाऊसमध्ये कंट्रोलच्या टेबलावर होतो. समोर एक फोन आणि एक रजिस्टर, बस्स. बडनेरा, मूर्तिजापूर इथले पंप आणि लाईनी आम्ही जागचं न उठता हलवायचो. हुकूम चारच. चालू कर, बंद कर, बंद करून चालू कर, आणि हाल सांग. पलीकडच्यानं हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा, मगच खटक्याला हात लावायचा. आपल्या मनानं काही करायचं नाही, हा कायदा.

*

मूर्तिजापूरच्या पंपावर तायडे होता. माणूस सरळ, फार सरळ.

एकदा सकाळपासून मी दर तासाला विचारतोय, "मूर्तिजापूर, मोटारीचे हाल सांग."

"मोटार चालू हाय."

दुपारी गावातून बोंब आली, टाकीत थेंब नाही! मी फोनवर तायड्याला धरला.

"अरे, मोटार चालू आहे ना?"

"हाय ना. मस्त फिरून राह्यली."

"मग पाणी कुठंय?"

"पाणी कुठून येईन? पंपाचा पट्टा सकाळीच तुटला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी मोटारीचे हाल इचारले. पाण्याचे इचारले काय?"

त्या दिवसापासून रजिस्टरात पाण्याचा वेगळा रकाना आला.

*

याच तायड्याला जत्रेपुरता एक हुकूम गेला होता, रोज पहाटे दोन तास जादा पंप चालव. जत्रा संपली, पण हुकूम मागे घ्यायचं आम्ही सगळेच विसरलो. टाकी रोज भरून वाहायची. तायड्यानं एक नाली खोदली आणि खाली वांगी लावली!

वांगी अशी की काय सांगू! अमरावतीकडे कोणी येणार असलं की तो त्याच्या हाती पिशवी पाठवायचा. चार महिने आम्ही भरीत खाल्लं. शेवटी आमचे टेबल-इन्चार्ज देशमुखभाऊ त्याच्यावर तापले, "हुकूम कधीचा संपला, तुले समजत नाही?"

तायडे म्हणाला, "भाऊ, वांगे येऊन राह्यले तवा तुमी कोठं इचारलं, हे पाणी कोठचं म्हणून?"

भाऊंनी मुकाट्यानं हुकूम रद्द केला. पण वांग्यांचा हंगाम संपल्यावर!

*

देशमुखभाऊंचा सगळ्यांत लाडका हुकूम तिसरा. कोणतंही मशीन रुसलं की, "बंद कर, दहा मोज, चालू कर." दहातली आठ मशीनं खरंच सुधारायची.

हाच इलाज त्यांनी घरी केला. वहिनींशी वाजलं की भाऊ उठून फाटकाबाहेर जात, मोठ्यानं दहा आकडे मोजत आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आत येत. एकदा मी समोरच होतो. भाऊ आठवर पोचले आणि आतून वहिनींचा आवाज आला, "दहानं काय होते? आज पाचशे मोजा, तवर माहा सैपाक तरी होईन!"

*

आता इंगोले. बडनेऱ्याच्या सबस्टेशनवर हा टेम्पररी होता. त्याच्या घरात सरकारी शिक्क्याची ही पहिली नोकरी. आई दर रविवारी विचारायची, "बाबू, पक्की झाली का?" पुण्याहून आलेले नवे साहेब अहवाल लिहिणार, त्यावर त्याचं कायम होणं होतं. मला तो पोरगा मनापासून आवडायचा, म्हणून मलाच जास्त धाकधूक.

साहेब अहवालाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी बसले. नेमकी तेव्हा बडनेऱ्याची लाईन बंद होती. आमचा लाईनमन रहमान खांबावर चढला होता. अशा वेळी कायदा एकच, चढलेल्या माणसानं स्वतः येऊन "मी उतरलो" म्हटल्याशिवाय लाईन चालू करायची नाही.

तेवढ्यात बडनेऱ्याच्या कापूस-जिनिंगवाल्याचा फोन आला. काम झालं, माणसं गेली, लाईन द्या. साहेबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि इंगोलेला लावला.

"बडनेरा, लाईन चालू कर."

इंगोलेनं हुकूम परत म्हटला नाही. "रहमानचाचानं उतरलो म्हणून सांगतलं नाई."

"मी सांगतोय ना, उतरलाय तो!"

"तुमी कोण?"

"मी साहेब बोलतोय! तुझा अहवाल माझ्यासमोर आहे!"

"मंग तुमी खांबावर नव्हते," इंगोले म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, गेली पोराची नोकरी. त्याच्या आईला आता कोणत्या तोंडानं भेटायचं?

साहेब पहिली ओळ लिहिणार, तोच फोन वाजला. त्यांनीच उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"रहमान बोलतोय, सबस्टेशनवरून. आत्ताच उतरलो. लाईन द्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि फोन इंगोलेला द्यायला सांगितलं. मग हळूच म्हणाले, "बडनेरा, लाईन चालू कर."

"बडनेरा, लाईन चालू करतो," इंगोले म्हणाला.

साहेबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवला, कागद जवळ ओढला आणि मला विचारलं, "कायम करा म्हणून लिहायचंय, इंगोल्यांचं पूर्ण नाव काय?"